आधी वस्ती मोजा

७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. १९४८ साली याच दिवशी जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली. बीड जिल्ह्यात या दिवसाच्या आगेमागे आणखी एक गोष्ट घडते. साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून गेलेली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातून, कर्नाटकातून परत येतात. सहा महिने अंगावर काढलेली दुखणीही त्यांच्याबरोबर घरी येतात. म्हणून आरोग्य दिनाचे भाषण इतरत्र कुठेही होवो, त्याची खरी परीक्षा बीड, परळी, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई या गावांच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांमध्ये आहे. आणि त्या परीक्षेतला पहिला प्रश्न साधा आहे: या वस्त्यांत माणसे किती राहतात, आणि त्यांना काय होते आहे, याची नोंद कोणाकडे आहे?

नोंद नसली की काय होते, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ मिळणारी उचल एका कोयत्याची, हजेरी एका कोयत्याची, खाडा झाला तर दंडही त्याच कोयत्यावर. बाईची वेगळी नोंद नाही, म्हणून तिच्या पाळीची, बाळंतपणाची, कंबरदुखीचीही नाही. पहाटेच्या अंधारात ती फडात उतरते, दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. कोपीजवळ ना न्हाणी, ना संडास. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. घरी आल्यावर ती शहरातल्या दवाखान्यात जाते, तेव्हा तिला सांगितले जाते की गर्भाशयाच्या पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. भीती घातलेली बाई दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायला थांबत नाही. पुढच्या हंगामाची उचल घेऊन ती पिशवी काढून टाकते. मग तेच कर्ज फेडायला, टाके ओले असतानाच, पुन्हा फडावर जाते.

हे वर्षानुवर्षे सगळ्यांना माहीत होते, पण कागदावर कुठेच नव्हते. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांच्या कार्यकर्त्या ऊसतोड बायकांशी बोलू लागल्या, नोंदी करू लागल्या, वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला, आणि मग सरकारला उत्तर द्यावे लागले. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे.

या आकड्यांनी पूर्ण न्याय दिला नाही, पण वाट अडवली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढू नये, असा दंडक बीडमध्ये आला. देशपातळीवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्धच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना बजावले. मुलींच्या बाबतीतही हेच घडले होते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या, तेव्हा कुजबुजीचा आकडा झाला. पुढच्याच वर्षी परळीत गर्भपातादरम्यान एका महिलेचा जीव गेला आणि गर्भलिंग निदानाचा सगळा बाजार राज्यासमोर उघडा पडला. जे मोजले गेले, त्याचाच जाब विचारता आला.

शहरांच्या कडेच्या वस्त्यांची मात्र अशी मोजणी अजून झालेली नाही. खेड्यात निदान उपकेंद्र आहे, परिचारिका आहे, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून आशा कार्यकर्ती आहे. शहरी गरिबांसाठी असे अभियान यायला २०१३ साल उजाडले. हा आठ वर्षांचा उशीर आजही भरून निघालेला नाही. जिल्हा रुग्णालय शहरातच आहे, मग शहरातल्या गरिबाला काय कमी, असा एक सोयीचा समज आहे. पण जिल्हा रुग्णालय आजार बळावल्यावरचे आहे. धुणीभांडी करणारी, मोंढ्यात धान्य निवडणारी, वीटभट्टीवर जाणारी बाई सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहिली की तिचा रोज बुडतो. म्हणून ती जातच नाही. ताप आला की मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरचे इंजेक्शन. तिचा रक्तदाब किती, साखर किती, नवऱ्याचा खोकला किती आठवड्यांचा, हे कुणी विचारत नाही.

त्यात पाण्याचा प्रश्न. बिंदुसरा नदीच्या काठच्या बीड शहरात नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येते. पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. पिंपे, टाक्या, हंडे भरून ठेवायचे, आणि डेंग्यूचा डास नेमका त्याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. अशा वस्तीला ‘कोरडा दिवस पाळा’ असे फलक लावून सांगणे म्हणजे नगरपरिषदेचे ओझे बाईच्या डोक्यावर ठेवणे. पाणी वेळेवर येणे हा आरोग्याचाच भाग आहे आणि तो दवाखान्याइतकाच हक्काने मागितला पाहिजे.

मागण्याचा अधिकार शहरी आरोग्य अभियानाच्या नियमांतच आहे. पन्नास हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा, आणि पन्नास ते शंभर घरांमागे वस्तीतल्याच बायकांची एक महिला आरोग्य समिती, तिच्या हाती वर्षाला पाच हजार रुपयांचा निधी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात कुणी पैसे मागितले, तर ती लूट आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालये मात्र या निर्णयाबाहेर राहिली. त्यामुळे परळी-केजच्या गरिबाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा लाभ मिळाला नाही. रुग्णाला खाते कळत नाही, त्याला खिसा कळतो. ही भिंत सरकारने पाडलीच पाहिजे.

पण नियमाचा प्रत्येक आकडा लोकसंख्येवर उभा आहे, आणि अडचण तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. त्यानंतर शहर किती पसरले, हे डोळ्यांना दिसते, पण सोयी त्या जुन्या आकड्यालाच धरून मोजल्या जातात. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रत्यक्ष गणती फेब्रुवारीत होते, म्हणजे ऐन गाळपात. गणतीच्या सगळ्या काळात घरी नसलेला माणूस जिथे असेल तिथे मोजला जातो. २०११ ची गणतीही फेब्रुवारीतच झाली होती. याचा अर्थ असा की, ज्या कुटुंबांना सहा-सात महिने बीडच्या दवाखान्याची गरज असते, ती बीडच्या नावावर येतच नाहीत. माणसे इथली, आकडा तिथला, आणि डॉक्टर कुठेच नाही.

म्हणून सरकारच्या गणतीची वाट न पाहता वस्त्यांनी स्वतःला मोजले पाहिजे. हे अशक्य नाही, त्याचा दाखला आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यातल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. कोणाचे मूल वाळते आहे, कोण गरोदर आहे, कोणाच्या अंगावर चट्टे आहेत, हे त्यांना घराघराने ठाऊक असे. जगभरचे डॉक्टर ते पाहायला जामखेडला आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या निरक्षर बाईने जे केले, ते शहरातली शाळा शिकलेली बाई खचितच करू शकते.

त्यासाठी लागते एक वही आणि महिन्यातली एक संध्याकाळ. महिला आरोग्य समितीने घरवार लिहावे: माणसे किती, ऊसतोडीला कोण जाते, गरोदर कोण, दोन आठवड्यांपासून खोकला कोणाला, रक्तदाब-साखरेची गोळी कोणाची बंद पडली, रेशनकार्ड कोणाचे गावाकडेच राहिले, पिशवी काढायचा सल्ला कोणाला मिळाला. ती वही घेऊन नागरी आरोग्य केंद्रात जावे, नगरपरिषदेत जावे, आणि बायकांसमोरच उत्तर मागावे. केंद्र संध्याकाळी उघडे ठेवा, ही त्यातली पहिली मागणी असावी. दुसरी मागणी हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर वस्तीतच तपासणीची. आणि तिसरी, गर्भाशय काढायला परवानगी देताना बाईला शासकीय रुग्णालयातला दुसरा सल्ला मिळालाच पाहिजे. नुसत्या सहीशिक्क्याची परवानगी काही वाचवत नाही.

यात सुशिक्षित वाचकाचेही काम आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे का, हे या आठवड्यात विचारा. असेल तर तिची बैठक कधी झाली, पाच हजार रुपये कशावर खर्च झाले, हे त्यांच्याबरोबर जाऊन पाहा. नसेल, तर समिती स्थापन करण्याचा अर्ज लिहायला मदत करा. बीडच्या बायकांनी एकदा स्वतःची दुखणी मोजून सरकारला विधिमंडळात बोलते केले आहे. आता प्रत्येक वस्तीने तेच करावे.