पुढची रांग कुणाची?

जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ हा इंग्लंडचा रॉक बँड नवी मुंबईत येऊन गेला. १८, १९ आणि २१ तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याचे तीन कार्यक्रम झाले. वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. शिरूर-दौंडच्या बायकांना या बातमीशी काय देणंघेणं, असं कुणीही म्हणेल. आमच्या गटातही आधी तोच सूर होता. पाण्याचा प्रश्न आहे, दारूचा आहे, पोरींची लग्नं अठराच्या आत उरकली जातायत. त्यात हे गोऱ्यांचं गाणं कुठून आलं?

पण गटात आता रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आणि एसटीने पुण्याला जाऊन शिकणाऱ्या मुलीही येतात. त्यांनी विषय सोडला नाही. त्यांच्यातली एकजण मुंबईच्या मावशीकडे मुक्काम करून हा कार्यक्रम पाहून आली होती. काय पाहिलंस, असं विचारल्यावर ती गाण्यांविषयी थोडंच बोलली. गाणी तर ती मोबाइलवर रोज ऐकते. प्रत्येकाच्या मनगटावर बांधलेला दिव्यांचा पट्टा गाण्याबरोबर रंग बदलत होता, घसा बसेपर्यंत ती ओरडली, शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडली, हे सगळं ती सांगत होती. मग म्हणाली, “रात्रीची वेळ, एवढी गर्दी, आणि तू इथं कशाला आलीस, हे मला कुणीच विचारलं नाही.”

आवडत्या कलावंताला समोर उभं राहून ऐकायचं तर चार गोष्टी लागतात: पैसा, मोकळा वेळ, रात्र आणि गर्दी. या चारही गोष्टींवर बाईचा हक्क आहे असं आपल्याकडे कुणी मानत नाही. म्हणून हा विषय चैनीचा म्हणून बाजूला टाकू नये, तो आपल्या चळवळीचा आहे, असं माझं मत आहे.

पैशाचं आधी बघू. या कार्यक्रमाची साधी तिकिटं २,५०० पासून १२,५०० रुपयांपर्यंत होती आणि खास बैठकीचं तिकीट ३५,००० रुपयांना होतं. २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री खुली झाली आणि बघता बघता संपली. नंतर तीच तिकिटं काळ्या बाजारात कितीतरी पटींनी विकली गेली. त्याच वर्षी राज्य सरकारने लाडकी बहीण योजना सुरू केली, तिचा महिन्याचा हप्ता १,५०० रुपये होता. म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीटही त्या हप्त्याहून हजाराने महाग! कंत्राटी कामावरच्या मुलीला ते कसं परवडावं? ज्यांच्या खिशात पैसा त्यांनाच गाणं, हा सरळ वर्गाचा प्रश्न आहे, आणि तो नजरेआड करून बाईच्या आनंदाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

पण सगळा दोष पैशावर ढकलून भागत नाही. आपल्या गावच्या जत्रेतला कार्यक्रम बहुतेक वेळा फुकट असतो. तिथं तरी बायका कुठे असतात?

गटातल्या एक आक्का सांगतात, त्यांच्या लहानपणी गावात तमाशा आला की पुरुष मैदानात आणि बाया माळवदावर. लांबून ढोलकी ऐकू यायची, दिव्याच्या उजेडात काहीतरी हलताना दिसायचं, एवढाच त्यांचा तमाशा. रंगमंचावर बाई आणि समोर सगळे पुरुष, अशी ही व्यवस्था. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. भर कार्यक्रमात त्या आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. एवढी थोर कलावतीण, पण तिला समोर बसून, मनसोक्त दाद देत पाहिलेली गावातली बाई सापडणं कठीण. करमणूक करायची ती बाईने. करून घ्यायची पुरुषाने.

आता काळ बदलला. तमाशाच्या जोडीला ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला, नाचाचे कार्यक्रम आले. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांना पुणे-नगर भागात तुफान गर्दी झाली. काही ठिकाणी हुल्लड झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलत असताना तिचं चोरून केलेलं चित्रण पसरवलं गेलं. त्या दिवसांत महाराष्ट्रात चर्चा कशाची झाली? तिच्या हावभावांची. तिने कसं नाचावं हे सांगायला पुढारी, कलावंत, संपादक सगळे पुढे आले. समोरच्या गर्दीने कसं वागावं हे सांगायला फार थोडे आले. आणि त्या गर्दीत आपल्या मुलींना निर्धास्त उभं राहता येईल का, हा प्रश्न तर कुणाला सुचलाच नाही.

बाईला रात्र अजिबात मिळत नाही असं नाही. देवाच्या नावाने मिळते. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवतला, वरवंडला मुक्कामाला असते, तेव्हा हजारो बाया उघड्यावर झोपतात, मोठ्याने गातात, फुगड्या घालतात. त्यांना कुणी हटकत नाही. यवत आणि वरवंड यांच्या मध्येच, त्याच सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे. तिथल्या कलाकेंद्रांत ढोलकीवर लावणी चालते आणि आसपासच्या गावची बाई प्रेक्षक म्हणून तिथं पाऊल टाकत नाही. वारीने बायांना दिलेली मोकळीक मोलाचीच आहे. पण देवाचं काम असेल तरच बाहेर, निव्वळ मजेसाठी नाही, ही अट आपण किती दिवस मुकाट्याने पाळायची?

मुली मजेसाठी बाहेर पडल्या की जगभर त्यांना नावं ठेवली गेली. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा पंचावन्न हजार प्रेक्षक होते आणि मुलींच्या ओरडण्यापुढे वाद्यं ऐकू येत नव्हती. शहाण्यासुरत्या लोकांनी त्याला ‘हिस्टेरिया’ म्हटलं. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयासाठीच्या शब्दावरून आला आहे, यातच सगळं आलं. बार्बरा एरनराइक, एलिझाबेथ हेस आणि ग्लोरिया जेकब्स यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात याचा वेगळा अर्थ लावला. चांगल्या मुलीने कसं वागावं याच्या बंधनांत वाढलेल्या त्या मुलींचं ते बंड होतं, स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहण्याच्या आधीचं, असं त्यांचं म्हणणं. पुरुष क्रिकेटच्या मैदानात बेभान होतात, तेव्हा त्यांना मात्र आजारी ठरवत नाहीत.

मग उपाय काय? वेगळी सोय? ‘खास महिलांसाठी’ लावणीचे प्रयोग आपल्याकडे होतात. तिथं बायका शिट्ट्या मारतात, पदर खोचून नाचतात, आणि ते पाहून कुणालाही बरं वाटावं. स्वीडनमध्ये ब्रोवाला संगीत महोत्सवात २०१७ साली बलात्काराच्या आणि छेडछाडीच्या तक्रारी झाल्या, तेव्हा २०१८ मध्ये गोथेनबर्ग शहरात पुरुषांना वगळून महोत्सव भरवला गेला. तिथल्या भेदभावविरोधी यंत्रणेने मात्र तो कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. वेगळी जागा दमलेल्या बाईला विसावा देते. पण तिच्यावरच थांबलो तर मोठं मैदान कायमचं पुरुषांना सोडून दिल्यासारखं होतं.

मला जास्त पटतं ते अमेरिकेतल्या ‘बिकिनी किल’ या बँडने केलं ते. १९९० नंतरच्या काळात त्यांची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलावून घ्यायची आणि मुलग्यांना मागे सरकायला सांगायची. धक्काबुक्कीला भिऊन भिंतीला चिकटून उभ्या राहणाऱ्या मुली मंचाजवळ आल्या. मैदान तेच, कार्यक्रम तोच, फक्त जागांची वाटणी बदलली.

हे आपल्याकडेही करता येईल, आणि त्यासाठी परदेशी बँड लागत नाही. जत्रेच्या यात्रा कमिटीत बायका किती, हे ग्रामसभेत विचारू या. कार्यक्रमाला परवानगी देताना मैदानात पुरेसा उजेड, बायकांसाठी स्वच्छतागृह, महिला पोलीस आणि तक्रार नोंदवायची ठरावीक जागा या अटी घालायला लावू या. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांना कडी लागणारी खोली हवी, हीही त्यातलीच अट. मंचासमोरची पुढची जागा बायकांना मिळावी, मागे जाळीच्या आडची नको. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. पण रात्री दहाला कर्णे बंद झाल्यावर घरी पोचवणारी गाडीच नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय? यात्रेसाठी जादा गाड्या सोडता येतात, तर कार्यक्रम सुटण्याच्या वेळेला एक का नाही, हे आगारात जाऊन विचारायला हवं. आणि घरात सांगायचं: आज पोरांना जेवू घालून झोपवायचं काम तुमचं.

दोन पिढ्यांपूर्वी बाईने सभेला जाणं हेही आगाऊपणाचं मानलं जाई. आपण गेलो, बसलो, बोललो, म्हणून ती जागा आपली झाली. गाण्याच्या मैदानाचंही तसंच आहे. या वर्षी आपल्या गावच्या जत्रेत दहाजणी एकत्र जा, पुढे बसा, आवडलं तर जोरात दाद द्या. काय अनुभव येतो ते सगळ्याजणींना कळवा.