चढणीचा मासा आणि विजेचे चक्र

मृगाचा पहिला पूर नाल्यास आला की चढणीचा मासा निघतो, हे शेंदूरजनाघाटच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. पाणी गढूळ होऊन पातळी वाढताच अंड्यांनी भरलेली मादी प्रवाहाविरुद्ध वर जाते. भोई बांधवांस ही वेळ नेमकी कळते. जे ज्ञान मासा धरण्यास उपयोगी पडते, ते त्यास वाचविण्यास का पडू नये?

धरणाची भिंत चढणाऱ्या माशास अडविते; परंतु जलविद्युत् केंद्रावर उतरणाऱ्याची गत त्याहून वाईट होय. पाण्याबरोबर तो चक्रात ओढला जातो आणि पात्यांच्या आघाताने अथवा दाबातील आकस्मिक फरकाने मरतो. लांब शरीराच्या माशास धोका अधिक. आयर्लंडात शॅनन नदीवर 1929 साली आर्डनाक्रुशा येथे वीजकेंद्र सुरू झाले. तेथील सर्पाकृती अहेर मासा प्रजननासाठी समुद्राकडे निघतो, तो बहुधा शरद ऋतूतील अंधाऱ्या रात्री, वाढत्या पाण्याबरोबर. हा काळ ओळखून त्यास वरच पकडतात व धरणाखाली नेऊन सोडतात. युरोपात अन्यत्र काही केंद्रांवर अशा रात्री चक्रेच थांबवितात.

आपल्या विदर्भात पेंच नदीवर तोतलाडोह येथे 160 मेगावॅटचे केंद्र आहे. ते पाणी कन्हान व वैनगंगेतून, आणि आमच्या नाल्यांचे पाणी वर्धेतून, शेवटी प्राणहितेत एक होऊन गोदावरीस मिळते. अहेराचे भाऊबंद त्या खोऱ्यातही आहेत. यास्तव हा प्रश्न परक्यांचा नव्हे.

कोणी म्हणेल, चक्र थांबले तर आमच्या संत्र्याच्या बागेच्या पंपास वीज कोठून मिळावी? शंका रास्त आहे. परंतु बागेस विहिरीच्या पाण्याची खरी निकड उन्हाळ्यात असते. मासा हलतो तो भर पावसाळ्यात. शिवाय येथे महिनोन्‌महिने चक्र बंद ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. नेमक्या रात्री ठाऊक असल्या तर थोडक्यात काम भागेल. ठाऊक नसल्या तर एक तर मासा मरेल, नाही तर वीज व्यर्थ दवडली जाईल.

अशा रात्री पंचांगात सापडत नाहीत. त्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून सापडतात. पाऊस किती पडला, पुराची पातळी व पाण्याची उष्णता काय, मासा कोणत्या तिथीस हलला, हे प्रत्येक गावाने भोई बांधवांस सोबत घेऊन टिपून ठेवावे. पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करणाऱ्यास हे काम अवघड नाही. अशी वही हाती असल्यावर धरणाच्या अधिकाऱ्यांपुढे आपण मागणी घेऊन जाऊ शकू. तिच्यावाचून गेलो तर ती केवळ तक्रार ठरेल.