कात्री कपाटाबाहेर काढा

उजनीकाठच्या मुलाला धार नवी नसते. कंदर-वांगीच्या पट्ट्यात केळीचे घड कोयत्याने उतरतात ते मूल पाहते. आई विळीवर चिलापी मासे साफ करते तेव्हा ते शेजारीच बसलेले असते. हंगामात उसाच्या फडावर, पाणी ओसरले की गाळपेरीच्या रानात, ते मोठ्यांच्या पाठोपाठ फिरते. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले, गावे उठून नव्या गावठाणात आली, आणि पाण्यामागोमाग ऊस, केळी, मासे आले. या तिन्ही धंद्यांत कापल्याशिवाय पान हलत नाही. मुलाच्या बेताची, त्याच्या बोटांसाठी केलेली कात्री मात्र त्याला कुणी देत नाही.

अंगणवाडीत कात्री असते, पण ती बहुधा एकच, आणि तीही कुलपात. वरून कुणी भेटीला येणार म्हटले की सेविकाताई रात्री जागून घोटीव कागदाचे मासे, फुले, झोपड्या कापतात, मुले दुसऱ्या दिवशी ती चिकटवतात आणि भिंत भरते. त्या भिंतीवरचे कातरकाम ताईंचे असते, मुलांच्या वाट्याला फक्त डिंक येतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की भिंत थोडी वेडीवाकडी दिसू द्यावी आणि कापण्याचे काम मुलांकडे द्यावे.

ताईंची भीती आम्हाला ठाऊक आहे. आहार, नोंदी, लसीकरणाचा दिवस, मोबाइलवरची माहिती हे सारे सांभाळताना एखाद्या पोराचे बोट कापले तर घरच्यांना काय सांगायचे? म्हणूनच सगळ्या वर्गाला एकदम कात्र्या वाटू नयेत. मदतनीस बाकीच्यांना गाणी-गोष्टींत गुंतवत असताना सतरंजीच्या कोपऱ्यात दोघे-तिघेच बसवावेत. कापताना बसूनच कापायचे, कात्री देता-घेताना पाती मिटून मुठीत धरायची, उठण्याआधी कात्र्या मोजायच्या. टोके गोल असावीत, पण धार हवी. बोथट कात्रीत कागद कापला न जाता दुमडून अडकतो, मूल जोर लावते, आणि हात निसटतो तो तिथेच.

त्याआधीची तयारी मूल दोन वर्षांचे झाल्यापासून घरी होऊ शकते. जुने वर्तमानपत्र फाडणे, कणकेचे गोळे दाबणे, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे उघडून लावणे, चिमट्याने शेंगदाणे उचलून वाटीत टाकणे या सगळ्यांत कात्रीला लागणारी बोटे घडतात. अडीच-तीनच्या सुमारास बहुतेक मुले कात्री उघडून-मिटून एक तुकडा पाडू लागतात, पुढे कागदात सरळ शिरतात, साडेतीन-चारपर्यंत जाड रेघेवरून चालतात. गोल कापणे त्याही नंतरचे. वयाचे हे आकडे कुंपणासारखे वापरू नयेत, हात काय सांगतो ते पाहावे.

आणि हात बरेच सांगतो. नवशिके मूल कात्री उघडते तेव्हा त्याचे तोंडही उघडते, कात्री मिटते तसे ओठही मिटतात. हसू नका, सगळे अंग त्या कामात उतरल्याची ती खूण आहे. कोपर बाजूला उडत असेल आणि अंगठा जमिनीकडे वळत असेल तर पुन्हा पुन्हा सांगून उपयोग होत नाही. अंगठ्याच्या नखावर एक टिकली लावा आणि म्हणा, "टिकलीला आभाळ दिसू दे." मनगट आपोआप फिरते. कागद धरणारा दुसरा हातही तितकाच महत्त्वाचा, त्याचाही अंगठा वरच हवा.

पहिला कागद जाड असावा. पातळ कागद लवतो, हाताला आधार देत नाही. लग्नसराईनंतर घरोघर पडून असलेल्या पत्रिका याला उत्तम. ताईंनी त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या करून द्याव्यात, म्हणजे एका कापात तुकडा खाली पडतो आणि मुलाचे काम तिथल्या तिथे पुरे होते. हे तुकडे फेकू नका. मोठ्या कागदावर चिलापीची बाह्यरेघ काढा, तुकडे तिचे खवले होतात. थंडीत जलाशयावर रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या पंखांना गुलाबी पट्ट्यांची झालर लावता येते. केळीचे पानही चांगले. कडेकडून मधल्या दांड्याकडे काप घेतला की शिरांच्या रेघेनेच तो पुढे सरकतो. चिकाचे डाग मात्र निघत नाहीत, तेव्हा अंगावर जुना सदरा असू द्या. उसाच्या पाचटाला हात लावू देऊ नका, त्याच्या कडा बोट चिरतात.

गावातल्या वस्तूंतून बालशिक्षण घडवण्याचा हा विचार आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या, पुढे दोघी कोसबाडला गेल्या. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी पाने, बिया, शिंपले, माती हाती घेतली. आज अंगणवाडीला साधनांचा संच सरकारकडून येतो, पण हाताला काम देण्याचा आग्रह त्या संचातून येत नाही, तो आपणच धरावा लागतो.

हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या की त्यांची लहान मुलेही काही महिने या अंगणवाड्यांत येतात. ती उशिरा येतात आणि लवकर जातात, म्हणून कातरकामात त्यांना मागे बसवले जाते. खरे तर पहिल्याच आठवड्यात त्यांना पट्ट्या द्याव्यात. कोयत्याच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाला धार जपून वापरायची सवय सर्वांत आधी हवी.

डावखुऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की वरचे पाते कापायची रेघ झाकते आणि बोटांच्या दाबाने पाती एकमेकांवर घट्ट बसण्याऐवजी सुटी होतात. मुलाला जमत नाही, आणि आपण त्याचा हात बदलू पाहतो. डाव्या हाताच्या कात्रीत पाती उलट बसवलेली असतात. पुढच्या मासिक बैठकीत साहित्याची मागणी नोंदवाल तेव्हा वर्गातली डावखुरी मुले मोजा आणि त्यांच्या कात्र्या वेगळ्या ओळीत मागा.