प्रिंट काढली की बंद पडतं

"मशीन चालू होतं, पण प्रिंट काढली की बंद पडतं." नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गावातल्या रिपेअरिंगच्या दुकानात अर्धा दिवस बसा, ही तक्रार कानावर येणारच. आणणारा कधी रेशन दुकानदार असतो, हातात ई-पॉस. कधी पतसंस्थेचा पिग्मी एजंट, खांद्याच्या पिशवीत पावती फाडणारं जुनं यंत्र. स्क्रीन स्वच्छ दिसते, बटणं चालतात, अंगठाही घेतला जातो. मग पावतीची पहिली ओळ अर्धवट उमटते आणि सगळं काळं. आपल्यातले बरेच जण अशा वेळी प्रिंटर उघडतात, हेड पुसतात, रोलर बदलतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही की 'बोर्ड गेलाय' म्हणून सांगून टाकतात. बोर्ड बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून या अंकात आमचं सांगणं एकच आहे: हातातलं छापणारं यंत्र टेबलावर आलं की आधी बॅटरी मोजा, आणि ती लोडवर मोजा.

हिशोब सोपा आहे. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छापणाऱ्या थर्मल हेडमध्ये एका ओळीत ३८४ ठिपके असतात, मिलिमीटरला ८. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकला रेझिस्टर, बऱ्याच हेडमध्ये साधारण १७५ ओहमचा. आठ व्होल्टवर एका ठिपक्याला जवळपास ४५ मिलिअँपिअर लागतात. सगळे एकदम तापवले तर पॅक बसेल, म्हणून फर्मवेअर त्यांचे गट पाडतं. चौसष्टचा एक गट धरला तरी करंट २.९ अँपिअरवर जातो. नव्या दोन-सेलच्या लिथियम पॅकचा अंतर्गत रोध, वायर आणि टॅबसकट, ०.१५ ओहम धरा; व्होल्टेज अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. चार उन्हाळे खाल्लेल्या पॅकमध्ये तोच रोध ०.६ ओहमवर गेला असेल, तर त्याच करंटला पावणेदोन व्होल्ट गळतात. आठचे सव्वासहा होतात, प्रोसेसरचा सप्लाय कोसळतो आणि मशीन रीसेट होतं. टाकी भरलेली आहे, पण पाइपात गाळ साचलाय, अशातली ही गत. मल्टिमीटर नुसता टेकवला तर तो भरलेली टाकीच दाखवणार. म्हणून 'बॅटरी ओके आहे, आठ व्होल्ट दाखवतेय' या वाक्याला आपल्या धंद्यात काही किंमत नाही.

लोड टेस्टर विकत घ्यायलाच हवा असं नाही. जीपच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब कुठल्याही ऑटो पार्टसच्या दुकानात मिळतो. आठ व्होल्टवर असा एक बल्ब साधारण १.४ अँपिअर ओढतो, दोन समांतर जोडले की थेट प्रिंटरइतका लोड. दुसरा बल्ब पहिला पेटल्यावर जोडायचा, कारण थंड फिलामेंट क्षणभर कितीतरी जास्त करंट खेचतं आणि पॅकमधला प्रोटेक्शन बोर्ड उगाच ट्रिप होतो. दोन्ही पेटल्यावर पाच सेकंद थांबा आणि आकडा वाचा. रिकाम्या आणि लोडवरच्या व्होल्टेजमधला फरक भागिले करंट म्हणजे पॅकचा रोध. तो आकडा जॉब कार्डावर लिहा. पुढच्या वर्षी तेच मशीन परत येईल तेव्हा त्याचा उपयोग कळेल.

हा विषय नंदुरबारच्या नावानं का काढतोय, तेही सांगायला हवं. पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. अंगठा टेकवून धान्य घेण्याची व्यवस्था पुढं त्याच पायावर उभी राहिली. पण अंगठा ओळखणारं आणि पावती देणारं यंत्र अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरात कुठल्या विजेवर चालायचं, हा प्रश्न बॅटरीवाल्यांचा आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर वीज उशिरा पोहोचली, आली तरी टिकत नाही, आणि कित्येक घरं सौर पॅनेलवर दिवा लावतात. तिथं बॅटरी ही अडीअडचणीची सोय राहत नाही, तीच मुख्य सप्लाय होते. पावती अर्धी निघाली तर धान्य घ्यायला चालत आलेली बाई परत पाठवली जाते किंवा पावतीशिवाय जाते. दोन्ही वाईट.

त्याच डोंगरात, नर्मदेच्या काठावर मणिबेली आहे, राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक १. कर्मचारी तिथं बोटीनं जातात. त्यांच्यासोबत जाणारं मतदान यंत्र आपण सर्वांनी अभ्यासावं असं आहे. कंट्रोल युनिटचा पॅक साडेसात-आठ व्होल्टचा असतो, व्हीव्हीपॅटचा साडेबावीस व्होल्टचा. मत नोंदवायला लागणारी वीज आणि चिठ्ठी छापायला लागणारी वीज यांतला फरक तिथं उघड दिसतो. शिवाय दोन्ही पॅक एकदाच वापरायचे, चार्जिंगचे नाहीत. जिथं छपाई चुकून चालणारच नाही, तिथं निवडणूक आयोगानं म्हाताऱ्या रिचार्जेबल सेलवर भिस्त ठेवलेली नाही. रेशन दुकानदाराला किंवा पिग्मी एजंटला ही चैन परवडत नाही. त्याला रोज छापायचंय आणि रोज चार्ज करायचंय.

छपाईची वीज वेगळी ठेवण्याची अक्कल नवी नाही. १९८० च्या दशकातले पॉकेट संगणक ज्यांनी हाताळलेत त्यांना हे ठाऊक आहे. शार्पचा पीसी-१५०० चार पेन्सिल सेलवर चालायचा, आणि त्याचा चार रंगांच्या बारीक पेनांनी आकृत्या काढणारा सीई-१५० प्रिंटर स्वतःच्या पोटातल्या निकेल-कॅडमियम सेलवर. प्रिंटरचे सेल बसले तरी संगणकातला प्रोग्रॅम शाबूत राहायचा. आज एकाच लिथियम पॅकवर मोडेम, फिंगरप्रिंट, स्क्रीन आणि हेड सगळं लादलेलं असतं, आणि बचत केल्याचा डौल मिरवला जातो. हे डिझाइन मागं गेलेलं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

असे जुने संगणक आजही येतात. निवृत्त इंजिनिअर, सर्व्हेअर, एखादा हौशी संग्राहक ते घेऊन येतो. सीई-१५० ला लागणारा कागद ५८ मिलिमीटरचा, म्हणजे पावतीच्या आजच्या रोलइतकाच रुंद. फक्त रोल बारीक गुंडाळून घ्यावा लागतो. पेनं अजून शोधली तर सापडतात. पण मागचं झाकण उघडलं की पांढरट-हिरवी बुरशी दिसते. ती बुरशी नाही. निकेल-कॅडमियम सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड सीलमधून झिरपून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळालेलं असतं, आणि हिरवटपणा तांब्याचा. हेच आपण ३८६ आणि ४८६ मदरबोर्डांवर शेकडो वेळा पाहिलंय. सेल आधी काढा, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या ब्रशनं तो अल्कलीचा थर विझवा, फेस थांबेपर्यंत. नंतर स्वच्छ पाणी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग एक दिवस सुकू द्या. नुसत्या अल्कोहोलनं पुसलेला बोर्ड वर्षभरात पुन्हा ट्रॅक खातो. केबलच्या आत वर चढलेली अल्कली दिसत नाही. तांबं काळं पडलेलं असेल तर वायर बदलाच, ती सोल्डर धरणार नाही.

एक धोका ज्येष्ठांना माहीत आहे, नव्यांना नाही. जुन्या यंत्रांत बॅटरी हा चार्जिंग सर्किटचाच भाग असायचा. एचपी-२५ कॅल्क्युलेटर आणि त्याच्या भावंडांचा चार्जर रेग्युलेटेड नसतो, व्होल्टेज दाबून धरण्याचं काम पॅक करतो. पॅक काढून किंवा मेलेला पॅक आत ठेवून ॲडॅप्टर लावला तर आतल्या चिप जातात, आणि त्या चिप आता कुठं मिळत नाहीत. 'जरा ॲडॅप्टर लावून बघू' हा आपला पहिला हात अशा यंत्रांवर चालवू नका. बाहेरून मोजलेलं, करंट मर्यादित केलेलं व्होल्टेज पॅकच्या टोकांना द्या, मगच स्विच दाबा.

आता पॅक बांधण्याबद्दल. निकेल-कॅडमियमच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड बसतो, दोन्हींचा सेल १.२ व्होल्टचा. कमी गळतीचे हायड्राइड सेल २००५ पासून बाजारात आहेत आणि कपाटात पडून राहणाऱ्या यंत्रासाठी तेच घ्यावेत. चार्जर मात्र जुनाच राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगा. ५०० एमएएचच्या पॅकसाठी दिलेला ५० मिलिअँपिअरचा चार्जर जुना पॅक चौदा ते सोळा तासांत भरायचा. २००० एमएएचच्या नव्या पॅकला त्याच चार्जरवर दोन दिवसांहून जास्त लागतील. 'रात्रभर लावला तरी भरत नाही' ही तक्रार घेऊन माणूस परत येण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. मोठ्या क्षमतेचा हव्यास न धरता ८०० एमएएचचा सेल घातला तर वेळही कमी आणि जागाही बेताची. उलट दिशेनं, निकेलच्या जागी लिथियम सेल कोंबण्याचा उद्योग कुणीही करू नये. त्या चार्जरला ४.२ व्होल्टला थांबायचं माहीत नाही. प्रोटेक्शन बोर्ड लावला म्हणून चार्जर शहाणा होत नाही. तो बोर्ड शेवटचा उपाय आहे, रोजचा नाही.

मालिकेत जोडलेले निकेल सेल एकाच खोक्यातले, एकाच वयाचे घ्या. पाचांतला एक दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि उरलेले चार त्याला उलटा चार्ज करतात. त्यातच तो फुटतो किंवा गळतो. मेलेला एकच सेल बदलून पॅक परत देणं म्हणजे काही महिन्यांनी तीच दुरुस्ती पुन्हा करणं. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेनं आतलं सील जातं. टॅब लावलेले सेल घ्या किंवा स्पॉट वेल्डर ठेवा. जुन्या पॅकमधला थर्मिस्टर फेकू नका. ती छोटी दोन वायरींची पुतळी नसेल तर बरीच मशिनं चार्जिंगच सुरू करत नाहीत.

लिथियमच्या बाजारात सध्या जे चाललंय ते संतापजनक आहे. ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल राजरोस विकले जातात. या मापाच्या खऱ्या सेलची क्षमता फार तर ३६०० एमएएचच्या आसपास पोहोचते. काउंटरवर सोन्याचा काटा नसला तरी मसाल्याचा चालेल: चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीसच्या घरातला सेल हातात घेऊ नका. सेल आणि पॅकवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी हवी. ती बघायची सवय लावा आणि बिलावर सेलचं नाव लिहा. आपल्या दुकानातून गेलेला पॅक चार हजार फुटांवरच्या पाड्यात पेटला, तर तिथं अग्निशमनाची गाडी जाणार नाही.

उष्णता हा या जिल्ह्यातल्या पॅकचा मोठा शत्रू. नंदुरबारचा पारा मे महिन्यात ४२-४३ च्या पुढं जातो, आणि बंद जीपच्या डॅशबोर्डवर साठच्याही वर. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे प्रत्येक कंपनीच्या कागदात असतं आणि कुणी वाचत नाही. पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता ही जोडी त्याला सर्वांत लवकर म्हातारं करते. म्हणून मशीन रात्री, गार वेळेला चार्ज करा, आणि दोन-तीन महिने बंद ठेवायचं असेल तर अर्धं भरून ठेवा. हा दोन वाक्यांचा कागद पॅकवर चिकटवून द्यायला खर्च येत नाही. आणखी एक खबरदारी: काही मशिनांचं मुख्य कव्हर उघडलं की टॅम्पर स्विच सुटतो आणि आतल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुसल्या जातात. पॅकच्या कप्प्यापलीकडे त्या मशिनांत हात घालू नका. ती अधिकृत केंद्राकडंच जाऊ द्या.

खरेदी करणाऱ्यांकडंही मागणं आहे. पतसंस्था असो की सरकारी खातं, निविदेत पॅक हातानं बदलता येण्याची आणि सुटे पॅक निदान पाच वर्षं पुरवण्याची अट घाला. सध्या पॅकचा साचा बंद होतो आणि उत्तम चालणारी मशिनं पोत्यात भरून भंगारात जातात. हजार रुपयांच्या आतला भाग मिळत नाही म्हणून पंधरा-वीस हजारांचं यंत्र फेकलं जातं, आणि त्याचा भार शेवटी ठेवीदारावर किंवा करदात्यावर पडतो.

काढलेल्या सेलचं काय करायचं, याला आता कायदा आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत आणि वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कॅडमियम किती काळ माणसाला छळतं, हे जपानमधल्या तोयामा भागानं भोगलंय. खाणीचं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. आपले सेल दुकानामागच्या नाल्यात गेले तर ते तापीलाच मिळणार. निकेल-कॅडमियम वेगळ्या डब्यात, लिथियम वेगळ्या, दोन्ही टोकांना चिकटपट्टी, आणि डबा भरला की नोंदणीकृत रिसायकलरकडं. तालुक्यातल्या चार-पाच दुकानांनी मिळून एकच डबा ठेवला तर वाहतूक परवडते.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तुमची मोजमापं हवी आहेत: मशीनचा प्रकार, पॅकचं वय, रिकाम्या आणि दोन बल्बांवरच्या व्होल्टेजचे आकडे, आणि मोजताना खोलीचं तापमान. मे आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांतली पाठवा. धडगाव, मोलगी आणि तोरणमाळच्या बाजूला काम करणाऱ्यांची आधी छापू, कारण तिथल्या पॅकनी काय सोसलंय हे अजून कुठल्या तक्त्यात आलेलं नाही.