पेटी स्वदेशी, हृदय परदेशी

यंदाच्या मे महिन्यात भाच्याच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीतून मुंबईहून पुण्यास येत होतो. तळेगावजवळ एका चार्जिंग केंद्रावर आम्ही थांबलो. यंत्राच्या पेटीवर तिरंगी पट्टा रंगवलेला होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘६० किलोवॅट’. प्रत्यक्षात पडद्यावरचा आकडा तिसाच्या पुढे सरकेना. पाऊण तासाचे काम सव्वा तासावर गेले. तेथील तरुण कर्मचाऱ्यास कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, आत दोन मॉड्यूल असतात. त्यातलं एक दीड महिन्यापूर्वी गेलं. नवीन चीनहून यायचंय.”

“इथे दुरुस्त होत नाही का?”

“उघडायचीच परवानगी नाही. आणि उघडलं तरी आतलं कळतंय कुणाला?”

त्या तरुणाचे शेवटचे वाक्य मनात रुतून बसले. पेटीवर तिरंगा आहे. पण आतले कळत नाही, अशी आपली अवस्था का व्हावी?

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. तरीही जाणकारांकडून समजून घेतलेली गोष्ट वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. विजेच्या तारांतून येते ती प्रत्यावर्ती, म्हणजे एसी वीज. बॅटरी मात्र केवळ डीसी वीज साठवू शकते. आपण घरी मोटार लावतो, तेव्हा हे रूपांतर मोटारीतले छोटे यंत्र करते आणि म्हणून रात्र जाते. महामार्गावरच्या शीघ्र चार्जरमध्ये हेच काम मोटारीबाहेर, मोठ्या क्षमतेने होते. ते करणारी पेटी म्हणजे ‘पॉवर मॉड्यूल’. एकेक मॉड्यूल साधारण ३० किंवा ४० किलोवॅटचे असते. ३० ची दोन जोडली की ६० किलोवॅटचा चार्जर होतो, चार जोडली की १२० चा. बाहेरचा पत्रा, केबल, पडदा, पैसे घेणारी प्रणाली हे सारे या मॉड्यूलच्या भोवतीचे अंग आहे, हृदय तेच.

या हृदयाचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात तीन फेजची एसी वीज शुद्ध डीसी केली जाते. दुसऱ्यात तीच वीज सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या अर्धवाहक स्विचांतून आणि एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन मोटारीची बॅटरी मागेल त्या दाबाने पुरवली जाते. यात सुमारे ९५ टक्के वीज बॅटरीकडे जाते, उरलेल्या पाच टक्क्यांची उष्णता होते. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु ६० किलोवॅटच्या यंत्रात ही उष्णता तीन किलोवॅट भरते. म्हणजे घरातला गीझरच त्या पेटीत अखंड चालू असतो. विदर्भातील ४५ अंशांचा उन्हाळा, रस्त्यावरची धूळ, कोकणातला पाऊस आणि ग्रामीण भागातील विजेचे चढउतार यांना तोंड देऊन ही उष्णता बाहेर काढावयाची असते. येथील हवामानासाठी येथेच आखलेले यंत्र का हवे, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

आज जगातील या मॉड्यूलच्या उत्पादनावर चीनचे, त्यातही शेंझेन परिसरातील कंपन्यांचे वर्चस्व आहे. त्यांनी प्रथम आपल्या देशात प्रचंड संख्येने चार्जर उभारले आणि त्या मागणीच्या बळावर किंमत खाली आणली. भारतात उभ्या राहणाऱ्या अनेक चार्जरमध्ये तीच मॉड्यूल बसवली जातात.

याउलट आपला पैसा कोठे जात आहे ते पाहावे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन सार्वजनिक तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी केवळ चार्जिंग केंद्रांसाठी आहेत. पेट्रोलियमच्या आयातीतून देशाची सुटका करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे. परंतु तेलासाठी आखाताकडे पाहणारी मान उद्या मॉड्यूलसाठी शेंझेनकडे वळणार असेल, तर परावलंबनाची केवळ दिशा बदलली असे म्हणावे लागेल.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. देशभर चिनी मालाच्या बहिष्काराची लाट आली आणि सणासुदीच्या बाजारात ती विरूनही गेली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोसारख्या बलाढ्य उद्योगालाही विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन घटवावे लागले. चुंबकाचे जे झाले, ते मॉड्यूलचे होणार नाही याची हमी कोण देणार?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सरकारी खरेदीसाठी २०१७ पासून ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश आहे. ज्या मालात ५० टक्के किंवा अधिक देशी वाटा, तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार. हेतू उत्तम आहे. पण हा हिशेब किमतीचा आहे, ज्ञानाचा नाही. पत्रा, तारा, जोडणी यांची बेरीज करून टक्केवारी गाठता येते आणि हृदय परदेशीच राहू शकते. सुटे भाग आणून स्क्रू पिळणे म्हणजे स्वदेशी नव्हे. आराखडा कोणाचा, आतली आज्ञावली कोणाची आणि बिघडल्यास दुरुस्त करणारे हात कोणाचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिरंगी पट्टा रंगवण्याचा अधिकार कोणासही नसावा.

मग उद्यापासून आयात बंद करावी काय? तसे केल्यास केंद्रे उभारण्याचे काम अडेल आणि निकृष्ट देशी मालाला आयती बाजारपेठ मिळेल. ग्राहकाने महामार्गावर ताटकळत राहून देशभक्ती सिद्ध करावी, ही अपेक्षाही अन्यायाची आहे. स्वदेशी म्हणजे वाईट मालाला दिलेले अभय नव्हे.

ज्या तळेगावाजवळ आम्ही अडकून पडलो होतो, त्याच तळेगावाने याचे उत्तर शतकापूर्वी दिले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा जमवण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये त्या पैसा फंडातून तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. विलायती काच फोडून ती माणसे थांबली नाहीत. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना त्यांनी बोलावले आणि भट्टीपाशी शिकाऊ तरुण उभे केले. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्काराशेजारी राष्ट्रीय शिक्षण का होते, ते यावरून उमगते. शिक्षणाविना बहिष्कार ही चार दिवसांची घोषणा ठरते.

आज आपली स्थिती १९०८ पेक्षा कितीतरी बरी आहे. तिरुवनंतपुरमचे ‘सी-डॅक’ केंद्र विद्युत रूपांतरणाच्या राष्ट्रीय मोहिमेचे काम दोन दशके करीत आहे. विनातार चार्जरच्या देशी तंत्रज्ञानात नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’ने त्याला साथ दिली आहे. पुण्याच्या ‘एआरएआय’कडे तपासणीचा अनुभव आहे. अशा यंत्रांत लागणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या चिपांचा कारखाना भुवनेश्वर येथे उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. काही भारतीय कंपन्याही स्वतःची मॉड्यूल बनवू लागल्या आहेत. उणीव बुद्धीची नाही, धोरणातील सातत्याची आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. अनुदानाचा मोठा हिस्सा भारतात आखलेल्या मॉड्यूलसाठी राखून ठेवावा आणि तो भाग वर्षागणिक वाढवावा. निविदा केवळ कमी किमतीवर न देता, यंत्र वर्षभर किती दिवस पूर्ण क्षमतेने चालले यावर पैसे द्यावेत. त्यायोगे देशी उत्पादकालाही आळस परवडणार नाही. आणि प्रत्येक जिल्ह्यातील एका तरी आयटीआयमध्ये हे मॉड्यूल उघडून दुरुस्त करण्याचा अभ्यासक्रम सुरू व्हावा.

निघताना त्या तरुणास त्याचे शिक्षण विचारले. तो इलेक्ट्रिशियनचा आयटीआय उत्तीर्ण होता. ज्याने पेटी उघडावयाची, तो तिच्याबाहेर उभा राहून पावत्या देत होता. त्याच्या हाती ती पेटी उघडण्याचे ज्ञान आणि अधिकार ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तिच्यावरचा तिरंगा खरा ठरेल.