नवजात बालकांच्या मेंदूतील बुरशीसंसर्गाबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय नवजात शिशू कक्षांत बुरशीजन्य मेंदूज्वराची तपासणी व औषधे उपलब्ध करण्याबाबत.

महोदय,

आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पालक आणि अशा कक्षांत काम करणाऱ्या परिचारिका आहोत.

किलोभरही वजन नसलेले बाळ पेटीत जगवायचे, तर सेंट्रल लाइन, शिरेतून पोषण आणि प्रतिजैविके टळत नाहीत. त्याच वाटेने कॅन्डिडा बुरशी रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत जाते. लक्षणे मात्र साध्या जंतुसंसर्गाचीच : दूध पचत नाही, श्वास थांबतो, प्लेटलेट उतरतात. मग आणखी वरचे प्रतिजैविक सुरू होते. त्याने बुरशी मरत नाही, उलट तिला रान मोकळे मिळते.

रक्ताचे कल्चर ‘निगेटिव्ह’ आले की शोध थांबतो, ही आमची मुख्य तक्रार आहे. मेंदूत बुरशी असतानाही रक्ताचे कल्चर आणि पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. म्हणून रक्तात किंवा लघवीत कॅन्डिडा सापडलेल्या प्रत्येक बाळाच्या पाठीतल्या पाण्याची व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी बंधनकारक करावी. रिपोर्टवर नुसते ‘यीस्ट’ लिहून भागत नाही. कॅन्डिडा ऑरिस बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. तेव्हा बुरशीची जात आणि तिला लागू पडणारे औषध, दोन्ही कळायला हवे.

अॅम्फोटेरिसिन-बी हे या आजाराचे मुख्य औषध कक्षातच असावे. रात्री बापाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला मेडिकल दुकाने धुंडाळायला लावू नये. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बालकाचे औषध मोफत आहे, हे आपणांस सांगायला नको. कॅस्पोफंजिनसारखी औषधे मेंदूत पुरेशी उतरत नाहीत, त्यामुळे ‘दुसरे आहे की’ हे उत्तर येथे चालत नाही.

चंदीगडच्या पीजीआयमध्ये १९९६ ते १९९८ या काळात पिचिया अनोमाला या बुरशीने ३७९ बालकांना गाठले. हात धुण्याची मोहीम आणि जोखमीच्या बाळांना बुरशीरोधक औषध सुरू झाल्यावरच ती साथ आटोक्यात आली. हात धुवायला परिचारिकेला उसंत तर हवी! रिक्त पदे भरल्याशिवाय भिंतीवरचे फलक उपयोगाचे नाहीत.

बचावलेल्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील ऐकणे, दृष्टी व वाढीच्या तपासणीच्या तारखा लिहून द्याव्यात.

झालेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक व परिचारिका

प्रत : मा. आयुक्त, आरोग्य सेवा, मुंबई.