थंडीला काटक, उन्हाला हळवा

पॅगोडा डॉगवुड हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला रानवृक्ष. शास्त्रीय नाव कॉर्नस अल्टर्निफोलिया. न्यूफाउंडलंडपासून मिनेसोटापर्यंत आणि खाली जॉर्जियाच्या डोंगरांपर्यंत तो मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो. डॉगवुडच्या बहुतेक जातींची पाने समोरासमोर असतात, याची एकाआड एक. फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांनी पसरतात. उंची 15 ते 25 फूट आणि घेर तेवढाच, कधी जास्तही. त्यामुळे भिंतीला खेटून लावलेले झाड पुढे अर्धे छाटावे लागते आणि मग त्याची सारी शोभाच जाते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशात हा वृक्ष तिसऱ्या विभागात, म्हणजे उणे 40 अंश सेल्सिअसपर्यंत तगणारा मानला जातो. मात्र तो नकाशा फक्त हिवाळ्याचा आहे. रोपाच्या चिठ्ठीवर ‘काटक’ वाचून पुष्कळजण हे झाड उघड्या हिरवळीच्या मधोमध लावतात. तिथे ते थंडीने मरत नाही, जुलैच्या उन्हाने खंगते. मुळे उथळ असल्याने जमीन तापली, सुकली की झाडाचा जोर ओसरतो आणि ‘गोल्डन कँकर’ ही बुरशी शिरते. रोगट फांदीची साल पिवळीधमक होते, तिच्यावर नारिंगी ठिपके उठतात आणि फांदी वाळते. फवारणीने ती बरी होत नाही. कोरड्या हवेत, निरोगी लाकडापर्यंत मागे येऊन ती कापावी आणि दर कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसावी.

म्हणून जागेची निवड हीच खरी मशागत. घराची पूर्व किंवा उत्तर बाजू, ओकची विरळ सावली, ओल धरणारी पण पाणी न साचणारी, किंचित आम्लधर्मी माती त्याला मानवते. लागवड वसंतात करावी. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, रुंदीला मात्र दुप्पट हवा. भोवती दोन-तीन इंच लाकडी ढलप्यांचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. सुरुवातीची काही वर्षे पावसाने ओढ दिली की पाणी द्यावे.

मेअखेरीस किंवा जूनमध्ये साईच्या रंगाचे चपटे फुलोरे येतात. डॉगवुडच्याच फ्लोरिडा जातीचा पांढराशुभ्र थाट त्यांना नाही, पण ती जात मिनेसोटाच्या कडाक्यात भरवशाची नाही. उन्हाळ्यात लालसर देठांवर निळी-काळी फळे धरतात, ती रॉबिन आणि वॅक्सविंग पक्षी भराभर संपवतात. छाटणी फारशी लागत नाही. बुंध्याशी फुटणारे धुमारे मात्र सरसकट काढू नयेत. मुख्य खोड रोगाने गेल्यास त्यांतल्याच एखाद्या जोमदार धुमाऱ्यावर नवे झाड वाढवता येते.